भोंगामिस्त्रीची बिनआवाजी होडी

गोदीत त्याला सगळे भोंगा म्हणत. तोंडावर मिस्त्री, पाठ वळली की भोंगा. जुने दोस्त असतील तर तोंडावरही भोंगाच. त्याची स्वतःची समजूत अशी, की फार वर्षांपूर्वी गोदीचा बंद पडलेला भोंगा आपण एका दुपारीत सुरू करून दिला, त्यावरून हे नाव पडलं. तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण नाव आवडतं निघालं की माणूस त्याच्या मुळाशी जात नाही, तसा तोही गेला नाही.

डिझेल इंजिनं दुरुस्त करायची, हा त्याचा जन्माचा धंदा. होडीतल्या इंजिनाच्या जागेला लोक उगाच खोली म्हणतात. असतं ते एक भोक. त्यात माणसानं आडवं शिरायचं, एक हात डोक्यामागून घ्यायचा, दुसरा पोटाखालून, आणि जो बोल्ट डोळ्यांना दिसत नाही तो बोटांनी चाचपून सोडवायचा. हे करता करता त्याचे गुडघे गेले, कंबर गेली, आणि आता निवृत्ती तोंडावर आली असताना सकाळी पलंगावरून उठायचं म्हणजे आधी एकेका सांध्याची मनधरणी करावी लागे. झोपून शीण जायचे दिवस कधीच सरले होते. हल्ली तो शीण घेऊनच उठायचा आणि शीण घेऊनच डबा उचलून कामाला निघायचा.

आणखी एक गोष्ट गेली होती, ती मात्र त्यानं कुणाला सांगितली नव्हती. त्याचे कान. इतकी वर्षं कोंदट जागेत इंजिनांच्या उशाशी बसल्यावर दुसरं काय व्हायचं? बारीक आवाज त्याला येईनासे झाले होते आणि त्यांच्या जागी कानात एक घरघर मुक्कामाला आली होती, अगदी मंद चालीवर सोडलेल्या इंजिनाची. जेवताना, आंघोळ करताना, उशीला डोकं टेकल्यावर, कधी म्हणून बंद नाही. पण नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष ओळखणारा मिस्त्री अशी गोदीत त्याची ख्याती, तेव्हा हे बोलणार कुठे? उद्याच्या उद्या घरी पाठवतील. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ जबड्याच्या हाडाला टेकवायची, म्हणजे आतली ठोक हाडातून कळते. त्यावर त्याचं काम निभत होतं. राहता राहिली माणसं. माणसांसाठी त्यानं सोपा उपाय काढला होता. समोरच्याचं बोलणं संपलंसं दिसलं की "हो, हो" म्हणायचं. बहुतेकांना तेवढंच हवं असतं.

घरात आता नवराबायको दोघंच. लेक लग्न होऊन त्याच शहरात चार रस्ते पलीकडे राहायला गेलेली. बायको घरी बसून शिलाई करायची. लोकांचे कपडे आत घेणं, सैल करणं, चेन बदलणं. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी, अशी बाई. संध्याकाळी मिस्त्री टीव्ही लावून खुर्चीत पडायचा तो इतक्या मोठ्यानं, की ती मशीन घेऊन आतल्या खोलीत जाई आणि दार ओढून घेई. जेवायला ती तीनतीनदा हाक मारी. शेवटी येऊन खांद्याला हात लावी. मग तो म्हणे, "हो, हो, आलो." एका छपराखाली दोन माणसं एकमेकांची अडचण न होता किती वेगळी राहू शकतात, ते त्या घरात पाहून घ्यावं.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी होडी होती. म्हणजे होडी अजूनही होती, पण तेव्हा त्या होडीत दोघं होती. छोटीशी शिडाची होडी, पोटात एक लहानसं डिझेल इंजिन. वारा पडला किंवा धक्क्याला लागायचं असलं की ते चालवायचं. तरुणपणी जुनी घेतली आणि सुट्टीच्या सुट्टीला दोघं समुद्रावर. शिडाला ठिगळ लावायचं ते बायकोनंच. सुकाणूही तिच्या हातात छान बसायचं. मग मिस्त्रीला हळूहळू वाटायला लागलं की आपण धरलं तर जास्त बरं, आणि सुकाणू त्याच्याकडे आलं, ते तिकडेच राहिलं. बायको पुढे बसून दोर सांभाळायला लागली.

मग एके दिवशी परतताना, धक्क्याला लागतेवेळी वारा उलटला. इंजिनाचा काळा धूर सगळा होडीवर आला, बायकोला ठसका लागला, होडी धक्क्यावर घासली. घरी गेल्यावर ती म्हणाली, "मला आता तो धूर सोसत नाही. तुम्ही जात जा." ती परत कधी आली नाही. तो काही दिवस एकटा गेला. एकट्यानं जायचं म्हणजे शीड आपणच, सुकाणू आपणच, आणि समोर बसायला कुणी नाही. मग त्याचंही जाणं थांबलं. होडी धक्क्याला बांधलेली राहिली आणि पाण्याखाली तिला हिरवी दाढी आली.

गोदीत जेव्हा डिझेल काढून विजेची मोटर बसवून घ्यायला होड्या यायला लागल्या, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसला तो भोंगाच. "बायकोच्या शिलाई मशीनला असते तसली मोटर," असं तो म्हणायचा, आणि ते पार पलीकडच्या धक्क्यापर्यंत ऐकू जायचं. पण एका संध्याकाळी डबा घेऊन घरी निघालेला असताना तसलीच एक होडी त्याच्या समोरून बाहेर पडली. धूर नाही. मागे सुकाणूपाशी एक म्हातारा, आणि त्याच्या शेजारी, जिथे धुरामुळे कुणी बसायचं नाही नेमक्या त्याच जागी, त्याची बायको थर्मासमधून चहा ओतत होती. मिस्त्री डबा हातात घेऊन ती होडी दिसेनाशी होईपर्यंत तिथे उभा राहिला. त्याला त्या होडीचा हेवा वाटला. हेवा नेमका कशाचा, हे त्याला घरी पोचेपर्यंत कळलं होतं.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "इंजिन काढतो."

"कुणाचं?"

"आपलं. मोटर बसवतो. तुला धूर सोसत नाही ना, आता धूरच नाही राहणार."

बायकोचा हात ताटातच राहिला. तिनं एकदा त्याच्याकडे नीट बघितलं, मग मान खाली घालून ताटाकडे बघत हळूहळू काहीतरी बोलली. बरंच बोलली, तिच्या मानानं. बोलणं संपलंसं दिसल्यावर मिस्त्री म्हणाला, "हो, हो." बायकोनं पुन्हा वर पाहिलं आणि म्हणाली, "मग ठीक आहे. होऊ दे." तिचा चेहरा त्याला बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसला. त्याला फार बरं वाटलं.

पण बरं वाटणं वेगळं आणि दिवसभर लोकांची इंजिनं खोलून झाल्यावर पुन्हा स्वतःच्या होडीच्या पोटात शिरणं वेगळं. बैठकीचे बोल्ट गंजून लोखंडाशी एक झालेले. त्यातला एक त्यानं शेवटी ग्राइंडरनं कापला, तर ठिणगी उडून पापणीचे केस जळाले. चेनपुलीनं इंजिन वर घेतलं तेव्हा ते दरवाज्यात तिरकं अडकलं आणि तिथे ते दोन दिवस लोंबकळत राहिलं, कारण मिस्त्रीच्या अंगात ते सरळ करायचं त्राण उरलं नव्हतं. बाहेर आल्यावर ते धक्क्यावर ठेवलं, तर केवढंसं ते. एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इतकं वाकलो, असं त्याला वाटलं. एका मच्छीमारानं ते सुट्या भागांसाठी नेलं. मिस्त्रीनं गाडी वळेपर्यंत पाहिलं आणि मग खाली जाऊन तळ घासायला बसला. तिथे इतक्या वर्षांचं ऑइल चिकटून बसलं होतं, ते खरवडायचं, पुसायचं, साबणानं धुवायचं, आणि परत खरवडायचं. नखं काळी ती काळीच. मध्येच तो तसाच फळीला टेकून डोळे मिटायचा आणि स्वतःला विचारायचा की हे या वयात काय चाललंय. मग त्याला तो थर्मास आठवायचा.

विजेच्या कामासाठी जावई यायचा. त्याचा धंदाच बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर बसवण्याचा. गुणी मुलगा, पण पुटपुटत बोलायचा, आणि तेही कुठल्या तरी कप्प्यात डोकं घालून. मिस्त्रीच्या दृष्टीनं एवढा एकच दोष, पण दांडगा. "जावईबापू, तुमची ही मोटर म्हणजे मिक्सर आहे का हो?" असं तो विचारायचा, आणि जावई आतून जे काही उत्तर द्यायचा त्याला "हो, हो" म्हणायचा. दोघांचं तसं जमलं. मोटर पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या रेषेत आणायचं काम मिस्त्रीनं केलं, केसभर फरक राहू दिला नाही. बॅटऱ्या मात्र त्यानं सगळ्या मागे ठेवल्या आणि होडीचं शेपूट पाण्यात बसलं, मग जावई म्हणाला तसं निम्म्या उचलून डोलकाठीच्या पायाशी न्याव्या लागल्या. त्या उचलताना कंबर धरली, म्हणून तो आठवडा बायकोनं त्याला गरम पाण्याची पिशवी दिली. होडीवर घालायचे कपडे अजूनही ती दाराबाहेरच काढायला लावायची, पण आता त्यांना डिझेलचा वास येत नव्हता. ते तिच्या लक्षात आलं की नाही, हे त्याला विचारायचं होतं. राहून गेलं.

सगळं जोडून झालं त्या दिवशी जावई जेवायला घरी आला. जेवताना तो सासूला आणि सासऱ्याला समजावून सांगत होता, हात हलवत, घास चावत. मिस्त्री दमलेला होता. त्यानं योग्य त्या ठिकाणी "हो, हो" म्हटलं आणि भात मागितला.

आणि मग बायको आली.

खरोखर आली. डोक्याला रुमाल बांधून, एका हातात उशी, दुसऱ्या हातात थर्मास. मिस्त्रीनं तिला हात दिला, ती होडीत उतरली, तिनं आत डोकावून धुतलेला तळ पाहिला, बॅटऱ्यांवर बसवलेली पेटी पाहिली. "स्वच्छ केलंत हो," म्हणाली. तिच्या ओठांवरून त्याला तेवढं कळलं. या दिवसासाठी त्यानं एक अख्खं वर्ष अंगावर काढलं होतं. आज तिला बरं वाटलं तर ती पुन्हा येईल. नाही वाटलं तर होडी आहे, समुद्र आहे, आणि घरी दोन खोल्या आहेत.

त्यानं मोटरचा दांडा पुढे केला. बायको पुढच्या टोकाला दोराशी उभी होती.

"दोर सोड," तो म्हणाला. "पुढचा दोर. अगं पुढचा, पुढचा! सोड म्हणतो ना! आत घे तो, पाण्यात पडेल! आत घे!"

आता एक लक्षात घ्या. होडीला आवाज नव्हता. सकाळची वेळ, पाणी सपाट, धक्क्यावर माणसं आपापल्या होड्या धूत होती. मिस्त्री बोलला तो नेहमीच्याच आवाजात, इंजिनावरून समोरच्या टोकाला पोचेल असा. तो धक्काभर गेला. फडकी हातात धरलेली माणसं वर बघायला लागली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. बायकोनं दोर आत घेतला, नीट गुंडाळून ठेवला आणि ती तिथेच पुढे, पाठ करून बसली. मागे त्याच्याजवळ ठेवलेल्या उशीवर कुणी बसलं नाही.

मिस्त्रीला वाटलं, वारं घेत असेल.

लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्याबाहेर वारा चांगला होता. त्यानं मोटर बंद केली, शीड वर घेतलं, होडी कलली आणि पाणी कापायला लागली. मग तो खाली उतरला, खुंटीवरचा दोर काढला, शाफ्टला दोन वेढे दिले आणि गाठ मारून टाकली. हे तो आयुष्यभर करत आला होता. शिडावर चालताना पाण्याच्या जोरानं खालचा पंखा आपोआप फिरतो, त्याच्याबरोबर शाफ्ट फिरतो, आणि जुन्या इंजिनाचा गिअर त्यानं उगाच झिजतो. म्हणून शाफ्ट बांधायचा. इंजिन सुरू करायच्या आधी सोडायचा. विसरायचा प्रश्नच नव्हता, कारण इंजिन सुरू करण्याआधी ऑइल बघायला, पाण्याचा नळ उघडायला खाली जावंच लागे, आणि तो बांधलेला दोर डोळ्यांसमोरच असे. हात हे सगळं आपणहून करायचे. डोक्याला त्रास द्यायची गरजच पडत नसे.

दुपारकडे वारा पडला. तोवर बायको मागे येऊन बसली होती. चहा झाला होता, फारसं बोलणं झालं नव्हतं. पाणी भरतीचं होतं आणि ते होडीला हळूच बंधाऱ्याच्या खडकांकडे ओढत होतं. त्यात काही विशेष नव्हतं. मिस्त्रीनं शीड उतरवलं, दांडा पुढे केला आणि आरामात टेकून बसला. मोटर खाली मंद घरघरत होती. घरी परतायचं होतं, ऊन पाठीवर होतं, बायको शेजारी होती. त्याचे डोळे मिटायला आले.

बायको काहीतरी म्हणाली.

"हो, हो," तो म्हणाला.

तिनं पुन्हा काहीतरी विचारलं, खाली बोट दाखवून. तो पुन्हा तेच म्हणाला. मग तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला.

"अहो, आपण मागे चाललोय."

त्यानं मान वळवली. खडक जवळ आले होते, त्यांच्यावरचं शेवाळ दिसावं इतके जवळ. त्यानं दांडा पाहिला, तो पार पुढे होता. मागे पाणी पाहिलं, तर पाणी थाळीत ठेवल्यासारखं निवांत. पंखा फिरत नव्हता. मोटर चालू नव्हती. मग घरघर कसली?

"नांगर!" तो ओरडला. "पुढे जा, नांगर टाक! आधी पिन ओढ! अगं पिन, पिन! साखळीत पाय घालू नकोस, मागे हो, टाक आता, टाक!"

पण तो सांगेपर्यंत ती पुढे पोचलीही होती आणि तिनं पिनही ओढली होती. नांगर सरसरत खाली गेला. साखळी ताणली, होडीनं एक हिसका खाल्ला आणि खडकांपासून जरा अलीकडे उभी राहिली. बायको साखळीवर हात ठेवून थोडा वेळ थांबली, नांगर धरतोय ना ते पाहिलं, आणि मागे आली. मिस्त्रीच्या समोर, अगदी तोंडासमोर बसली.

"धरलाय," ती म्हणाली. "आता ओरडू नका. कुणी लांब नाहीये."

तो धापा टाकत होता. त्यानं काहीच केलं नव्हतं तरी धापा टाकत होता.

"मघापासून खाली शिट्टीसारखं वाजतंय," ती म्हणाली. "मी विचारलं, हे असंच वाजतं का? तुम्ही हो म्हणालात. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. आणि जेवताना जावईबापूंनी काय सांगितलं होतं? शिडावर असताना पंखा फिरू द्यायचा, त्यानं बॅटरी भरते. जुन्यासारखा बांधायचा नाही. चुकून अडकला तर मोटर आपणच बंद पडेल आणि शिट्टी वाजेल. एवढं सगळं सांगितलं. तुम्ही हो म्हणालात आणि भात मागितलात."

मिस्त्री खाली गेला. शाफ्टला त्याची स्वतःची गाठ होती, घट्ट आणि सुबक. मोटर सांभाळणाऱ्या कंट्रोलरवर लाल दिवा लुकलुकत होता आणि जवळ कान नेला तरी त्याला शिट्टी आली नाही. त्यानं गाठ सोडली. दोर खुंटीला अडकवायचा सोडून तो हातातच घेऊन वर आला आणि बसला.

"तुम्हाला ऐकू येत नाही," बायको म्हणाली.

"येतं की."

ती बघत राहिली.

"बारीक येत नाही," तो म्हणाला. "आणि एक घरघर असते. सारखी. मला वाटलं मोटर चालू आहे."

"कधीपासून?"

"झाली वर्षं."

बायकोनं थर्मासचं झाकण उगाच काढलं आणि लावलं. "आणि मी समजत होते, तुम्ही माझं ऐकूनच घेत नाही," ती म्हणाली. "तीनतीनदा हाक मारायची मी. वाटायचं, आपलं बोलणं या माणसाच्या खिजगणतीत नाही. मग बोलणंच कमी केलं."

मग तो आपलं तेच घेऊन बसला, कारण वर्षभर तेच धरून तो जगला होता. "पण धूर तर नाही ना आला आज?" त्यानं विचारलं. "धुराचा त्रास नाही ना झाला?"

"धूर सोसत नव्हता हे काही खोटं नाही," ती म्हणाली. "पण धूर आला तर माणूस उठून पुढे जाऊन बसतं. तुमच्या आवाजापासून कुठे जायचं होतं मी? त्या दिवशी धक्क्याला लागताना दोर टाकायला मला जरा उशीर झाला. सगळी माणसं बघत होती. आणि तुम्ही ओरडलात, बहिरी आहेस का."

मिस्त्रीनं तो दिवस आठवून पाहिला. वारा होता, धूर होता, होडी घासल्याचा चरा होता. ते शब्द त्याला कुठे सापडले नाहीत. पण ते आपण बोललो असणार याबद्दल त्याला जराही शंका आली नाही, आणि ती आली नाही याचीच त्याला सगळ्यांत जास्त लाज वाटली.

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं की. इंजिन काढतो म्हणालात, त्याच रात्री. म्हटलं, नुसत्या धुराचं नाही हो ते, तुमचं ते ओरडणं मला नको झालंय. ते बंद होणार असेल तर मी येईन. तुम्ही हो, हो म्हणालात." तिचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, कळलं तुम्हाला. म्हणून तर आज आले."

मिस्त्री हातातल्या दोराकडे बघत राहिला. गंजलेले बोल्ट, दारात लटकलेलं इंजिन, तळातलं ते ऑइल, बॅटऱ्या मागून पुढे नेताना गेलेली कंबर. वर्षभर तो होडीच्या पोटात जे शोधून काढत होता ते तिथे नव्हतंच. त्याला एकाएकी इतका थकवा आला की आडवं व्हावं आणि कुणी उठवू नये, असं वाटलं.

"मला भोंगा का म्हणतात, तुला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. आणि मग, कशी कोण जाणे, तिला जरासं हसू आलं. "तुम्ही तो भोंगा दुरुस्त केला होतात ना, तो महिनाभरात परत बंद पडला. तुम्ही नाही बंद पडलात."

तोही हसला असता, पण तेवढं बळ नव्हतं.

ऊन कलायला लागलं तशी बायको उठली. उशी उचलून तिनं सुकाणूपाशी ठेवली आणि तिच्यावर बसली. "मोटरचा आवाज मला येतो," ती म्हणाली, प्रत्येक शब्द त्याच्याकडे बघत. "शिट्टी वाजली तरी मला येईल. तुम्ही नांगर काढा, आणि पुढे उभे राहा दोर घेऊन. मी हाक मारणार नाही. माझ्या हाताकडे बघा."

त्यानं नांगर काढला. तिनं दांडा हळूच पुढे केला. यावेळी मागचं पाणी ढवळलं, खडक दूर जायला लागले. मिस्त्री पुढच्या टोकाला दोर घेऊन उभा राहिला, मान मागे वळवून, सगळा वेळ. मान दुखायला लागली तरी त्यानं ती सरळ केली नाही. आपल्या बायकोनं सुकाणू धरलेलं त्यानं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. तिची नजर लांब पाण्यावर होती आणि रुमाल सुटून मानेवर आला होता.

धक्का जवळ आला. तिनं हात वर केला. त्यानं दोर तयार धरला. तिनं हात खाली केला. त्यानं दोर टाकला. होडी धक्क्यावर टांगलेल्या टायरला टेकली आणि थांबली. धक्क्यावरची माणसं आपापल्या होड्या धूत राहिली. कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.

घराकडे चालताना थर्मास त्याच्या हातात होता आणि उशी तिच्या. रस्त्यावर गर्दी नव्हती, दिवे लागले होते. तो पाय ओढत चालला होता, कानात घरघर चालू होती, ती आता मरेपर्यंत चालणार हे त्याला ठाऊक होतं. कोपऱ्यावर वळताना बायको त्याच्या अंगापलीकडे बघत काहीतरी म्हणाली.

"हो," तो सवयीनं म्हणाला, आणि दुसऱ्या "हो"च्या आधी थांबला. तिथेच रस्त्यात उभा राहिला. "काय म्हणालीस? मला नाही आलं ऐकू."

हे वाक्य त्यानं आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. ते जड गेलं, आणि बोलून झाल्यावर खांदे जरा हलके झाले.

बायको मागे फिरली. त्याच्या समोर येऊन, दिव्याचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली.

"म्हटलं, पुढच्या वेळीही सुकाणू माझ्याकडेच राहील."

"हो," तो म्हणाला. एकदाच.